हळू वाजवणारी माणसं

"थोडं कमी लिवून द्या ना, मॅडम," देवीदास म्हणाला.

रश्मी तेलगोटेला आधी वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. अकोल्यातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ती नऊ वर्षांपासून लोकांचे कान तपासत होती. ऐकू येत असूनही न आल्याचं सोंग करणारे तिने रगड पाहिले होते. त्यांना दाखला हवा असे, बसची सवलत हवी असे. या माणसाने कसलंच सोंग केलं नव्हतं. काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून, बारीकातला बारीक आवाज आला की त्याने इमानेइतबारे बटण दाबलं होतं. बाहेर आल्यावर कान कसे आहेत म्हणून त्याने विचारलं, तिने उत्तम आहेत म्हणून सांगितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"दाखल्यासाठी पाहिजे का?" तिने विचारलं.

"नाई, दाखला नोको. घरी दाखवाले पाह्यजे."

त्या दिवशी दवाखान्यात लग्नाच्या बँडवाल्यांसाठी मोफत तपासणी होती. सकाळपासून तेराजण होऊन गेले होते आणि तेराही जणांचा आलेख एकाच वळणाचा निघाला होता: बारीक, उंच आवाजांच्या जागी खोल खड्डा. कानाशी ताशा आणि पितळी बाजे वाजत असले की पंधरा-वीस वर्षांत हे व्हायचंच. देवीदास निलखन चौदावा. पातूरजवळ अर्ध्या एकरात शेवंती-झेंडू लावणारा, लग्नसराईत बँडच्या पोशाखात उभा राहणारा, वय एक्कावन्न. बँडमध्ये बावीस वर्षं काढलेली. आणि कान दहा वर्षांच्या पोराचे असावेत तसे. रश्मीने हेडफोन बदलून पाहिला, मशीन स्वतःच्या कानाला लावून पाहिली. मशीन ठीक होती.

खोटं लिहिता येणार नाही, असं तिने त्याला सरळ सांगितलं. मग देवीदासने दुसरी विनंती केली, की निदान आज कागद देऊ नका. बाहेर त्याची पोरगी बसली होती. पिंकी अमरावतीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि असले कागद तिला वाचता येत होते. बाकी सगळ्यांचे कान गेले, तुमचेच कसे शाबूत, असं ती विचारणार.

"ते तर मलाही विचारायचं आहे," रश्मी म्हणाली.

देवीदास उठला. बाहेर जाऊन त्याने मुलीला मशीन बिघडल्याचं सांगितलं आणि दोघं निघून गेली. रश्मीने कागद खणात ठेवला, पण त्या आठवड्यात तो तिने चार-पाचदा तरी काढून पाहिला असेल.

तिच्या डोक्यात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट घोळत होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ती लहान मुलांना ऐकायला शिकवत असे. जन्मतः ऐकू न येणारी ही मुलं. ऑपरेशन करून कानाची मशीन बसवलेली, तिचा बाहेरचा भाग काढता-घालता येणारा. मशीन बसली की लगेच सगळं कळतं असं नाही. आवाज म्हणजे काय, तो कुठून येतो, हा कुत्रा की हे दार, हे एकेक करून शिकवावं लागतं. आदल्या वर्षी या मुलांच्या आणि आईबापांच्या मेळाव्याला कोणीतरी हौसेने ऑर्केस्ट्रा आणला. दोन मोठे स्पीकर लागले, पहिलं गाणं सुरू झालं आणि पाच मिनिटांत सोळापैकी अकरा मुलांनी मशीन काढून आईच्या हातात दिली. गाणाऱ्याला ते दिसलं नाही. रश्मीला दिसलं.

तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की यांच्यासाठी छोटासा बँड करायचा. तीन वाद्यं, फार तर चार. माइक नाही, स्पीकर नाही. पेटी ती स्वतः वाजवणार होती. शाळेत असताना शिकली होती आणि हात अजून बरा होता. बाकीची माणसं मिळायला काय वेळ लागतो, असं तिला वाटलं होतं.

वेळ लागला. तिच्याच वस्तीतला धम्मदीप जिल्ह्यात नावाजलेला ढोलकीवाला. तो आनंदाने आला, तीनदा हळू सुरू केलं, आणि तिन्ही वेळा चौथ्या आवर्तनाला त्याचा हात आपोआप चढला. शेवटी स्वतःच हसला. म्हणाला, "ताई, माह्या हाताले हळू येतच नाई. राग मानू नोका." एक कीबोर्डवाला आला, त्याने बटण फिरवून आवाज बारीक केला. आवाज कमी झाला, पण वाजवणं तसंच दणक्याचं राहिलं. दुरून कोणी ओरडत असावं तसं. कमी आवाज आणि हळू वाजवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे रश्मीला त्या दिवशी कळलं.

देवीदास पुढच्या गुरुवारी एकटाच आला. फुलं बाजारात देऊन आला होता, शर्टाला शेवंतीचा वास होता. रश्मीने कागद त्याच्यासमोर ठेवला आणि चहा मागवला. चहा संपल्यावर तो आपणहून बोलू लागला.

पंचवीस माणसांचा बँड ठरवला की लग्नघरचे लोक पंचवीस डोकी मोजतात, म्हणाला. वाजवणारे मात्र अठराच असतात. उरलेले सात भरतीचे. पोशाख तोच, टोपी तीच, हातात बाजाही असतो, पण तो वाजत नाही. देवीदासच्या हातातल्या मोठ्या पितळी बाजाचे पडदे केव्हाचे गंजून बसले होते. पहिल्या वर्षी बँडमास्तरने त्याला सांगितलं होतं, गाल फुगव आणि बोटं हलव, पुढे शिकवू. ते पुढे कधी आलंच नाही. कानात तो मेणात भिजवलेल्या कापसाचे बोळे घालायचा. ज्याला वाजवायचंच नाही, त्याला ऐकण्याची काय गरज, असं मास्तरचं म्हणणं.

"घरी माहीत नाही?"

"घरी सांगतलंच नाई. बायकोले, पोरीले वाटते, मी वाजोतो."

तो पुढे म्हणाला, "पन मॅडम, बोळे घातले की एक होते. गोंगाट बाहेर राह्यते अन वाजोनारा मानूस आत येते. कोन चुकलं, कोन दमलं, कोनाचं मन नाई, सगळं समजते."

रश्मीने हातातला पेन खाली ठेवला. मग तिने त्याला आपला बँड सांगितला. मुलं, मशीन, धम्मदीप, कीबोर्डवाला, सगळं. देवीदासने ऐकून घेतलं.

"हळू वाजोनारी मानसं," तो म्हणाला. "दोघं हायेत. एक नत्थुजी, अमरावतीले. क्लॅरनेट. दुसरीचं नाव मले माहीत नाई."

"दुसरी? बाई आहे?"

"तोंड पाह्यलं नाई. आयकलं हाये फकत."

रविवारी दोघं अमरावतीला गेले. बडनेऱ्यावरून शहरात येऊन बसस्टँडवर उतरले तर पिंकी उभी. तिला हॉस्टेलला सुट्टी होती, बाबा येणार म्हणून कळलं होतं, आणि बाबांच्या बँडमधला जुना वाजवणारा पाहायची तिला भारी उत्सुकता. नको म्हणायला देवीदासला काही कारण सुचेना. रस्ताभर ती रश्मीला सांगत होती की हॉस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे, माझे बाबा बँडमध्ये मोठा बाजा वाजवतात. देवीदास दोन पावलं मागून चालत होता.

नत्थुजी इतवारा बाजारात लिंबं आणि मिरच्या घेऊन बसला होता. सत्तरीचा, किडकिडीत, पांढरी टोपी. देवीदासला पाहताच त्याने हात वर केला.

"अरे, मुका बाजा! जित्ता हायेस का तू?"

"मुका काहून?" पिंकीने विचारलं.

नत्थुजी मोकळा माणूस. ही कोण, हे विचारायच्या आधीच त्याने हसत हसत सगळं सांगून टाकलं: गंजलेले पडदे, फुगवलेले गाल, मास्तर कसा म्हणायचा की सगळ्या बँडमध्ये बेसूर न होणारा एवढा एकच माणूस. सांगता सांगता त्याला देवीदासचा चेहरा दिसला आणि तो थांबला. गिऱ्हाईक लिंबू दाबून भाव विचारत होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

पिंकीने टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि हातात फिरवत राहिली. रश्मीला वाटलं, आता ही उठून जाईल.

"मंग बावीस वर्षं तुमी तथी काय करत होते, बाबा?"

"आयकत होतो."

"काय आयकत होते?"

देवीदास खाली बसला, तिथेच मिरच्यांच्या पोत्यावर. आणि त्याने सांगितलं. वरात सरकारी दवाखान्यासमोरून जाताना बँड बंद होतो. सगळे बाजे खाली येतात, लोक नुसते चालतात. पण हा नत्थुजी थांबत नसे. क्लॅरनेट ओठातच ठेवून तो गाणं तसंच पुढे नेई, इतक्या हळू की शेजारी चालणाऱ्यालाच ऐकू यावं. दवाखान्याची भिंत संपली की बँड पुन्हा सुरू होई, आणि बाकीचे जिथून सोडलं तिथून धरत, तर नत्थुजी चार ओळी पुढे गेलेला असे. मग तो हळूच मागे येऊन त्यांना मिळे. मास्तरला हे कधी कळलं नाही. वरातीतल्या कोणालाच कळलं नाही.

"तुह्या करिश्मामावशीच्या लग्नातही," देवीदास म्हणाला. "तू तवा पाच वर्षांची होती. मी पाव्हना म्हून नत्थुजीच्या बाजूनं चालत होतो, तू माह्या खांद्यावर झोपली होती."

नत्थुजी तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "तुले आयकू येत होतं?" त्याने विचारलं. "मले वाटे, मलेच येते."

पिंकीने लिंबू टोपलीत ठेवलं. रश्मीकडे वळून तिने बाबांचा कानाचा रिपोर्ट आला का म्हणून विचारलं. रश्मीने पिशवीतून कागद काढून दिला. पिंकीने आलेखावरून बोट फिरवत तो दोनदा वाचला, घडी केली आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

"आईले तुमी सांगा," ती बापाला म्हणाली. "मी सांगनार नाई." पण ती गेली नाही. उलट नत्थुजीकडून पावशेर लिंबं तिने घेतली आणि मोजून पैसे दिले.

नत्थुजी मात्र वाजवायला तयार होईना. दात गेले, कवळी बसवली, चार वर्षं झाली क्लॅरनेट पेटीत बंद. वरातीत लागतो तसा जोर आता निघत नाही, फुंकलं की कवळी हलते. रश्मी म्हणाली, "जोर नकोच आहे, काका." हे त्याला पटायला वेळ लागला. त्याला आयुष्यात कोणीच असं म्हटलं नव्हतं. शेवटी शेजारणीला टोपली सांभाळायला सांगून तो त्यांना घरी घेऊन गेला. क्लॅरनेटच्या सांध्यांवरचं बूच वाळून सैल झालं होतं, तिथे त्याने दोरा गुंडाळला. फुंकायची पत्ती तोंडात धरून ओली केली. मग खाटेवर बसून डोळे मिटले आणि वाजवलं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा क्लॅरनेट बुडालं, आणि शिट्टी थांबल्यावर कळलं की ते चालूच होतं.

दुसरीला शोधणं सोपं नव्हतं. देवीदासला एवढंच आठवत होतं की सहा-सात वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरला एक लग्न होतं, मुहूर्ताला वेळ होता, बँडवाले मांडवामागे बसले होते आणि कनातीच्या पलीकडे बायका हळदीची गाणी म्हणत होत्या. त्यांच्यात कोणीतरी ढोलक वाजवत होतं. "बोट टेकवल्यावानी वाजे," तो म्हणाला. पुढच्या रविवारी तिघंही तिथे गेली, पिंकीसुद्धा. लग्नाचं घर सापडलं. घरच्यांनी ढोलक वाजवणाऱ्या तीन बायका सांगितल्या. पहिलीने दोन थापा दिल्या आणि देवीदासने हळूच नकाराची मान हलवली. दुसरीला बोलावणं गेलं, तिनेही वाजवलं, छानच वाजवलं, पण ती नव्हे. तिसरी पार्वताबाई सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला गेली होती. बांधावर उभं राहून तिची वाट पाहावी लागली.

ती आली, हात धुतले, हे कोण लोक आणि आपल्याच ढोलकामागे का लागले, हे दोनदा समजून घेतलं. मग घरातून ढोलक आणून ओसरीवर बसली. तळहात चामड्यावरून उठतच नव्हता. बोटंच काय ती हलत होती. देवीदास कुंपणापाशी पाठ करून उभा होता. त्याने वळून नुसती मान डोलावली.

असं हळू वाजवायला कुठे शिकल्या, रश्मीने विचारलं. पार्वताबाईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये रातपाळीचा चौकीदार होता, दिवसा घरात झोपायचा. घर एका खोलीचं. तिला वाजवायचं तर असायचं, मग करणार काय?

"पन तुमचे पोट्टे बहिरे हायेत म्हंता," ती म्हणाली. "त्याइले आयकू येईन का?"

"येईल. पण आपल्यासारखं नाही, निराळं."

"निराळं म्हंजे कसं?"

रश्मीने खरं ते सांगितलं. "मला पण पक्कं माहीत नाही. त्यांच्या कानात जाऊन कोणी पाहिलेलं नाही."

पार्वताबाईने ढोलकाची दोरी आवळली. "मंग येतो," ती म्हणाली. "मले पाह्यचं हाये."

दिवाळीनंतरचे चार रविवार त्यांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत काढले. पार्वताबाई पहाटेच्या बसने निघायची आणि अमरावतीहून नत्थुजीला सोबत घेऊन यायची. देवीदास मुलांच्या बुटक्या खुर्चीवर भिंतीशी बसत असे आणि कोणी चढलं की हात वर करत असे. सगळ्यांत जास्त हात त्याला रश्मीसाठी वर करावा लागला. तिचा भाता जोरात पडे. एकदा तिने वैतागून म्हटलं, तुम्हीच वाजवून दाखवा. तो म्हणाला, "मले येत नाई. पन तुमचं जास्त होऊन राहिलं." ती पुन्हा वाजवू लागली. चालण्यातली सगळी घाई काढून टाकावी तशी त्यांनी गाण्यांतली घाई काढली. आधी ढोलक एकटं, मग पेटी, मग क्लॅरनेट, आणि तिन्ही एकत्र अगदी शेवटी.

मेळावा डिसेंबरात झाला. अठरा मुलं होती. सतरंजीवर मुलं, मागे आईबाप, आणि वाजवणारे त्यांच्यातच खाली बसलेले. देवीदासची बायको वच्छला पातूरहून आली होती. तिला सांगून झालं होतं. पंधरा दिवस ती त्याच्याशी तुटक बोलत होती, आणि मग एक दिवस तिने विचारलं की माझं भजनातलं गाणं तुम्हाला कसं वाटतं, खरं सांगा. त्याने खरं सांगितलं. त्यावरून आणखी चार दिवस गेले. आता ती पिंकीजवळ बसून होती.

पार्वताबाईने बोट टेकवलं. मुलांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही, मग दोन-तिघं सरकत पुढे आली. एका मुलाने मशीन काढली. आईने हात धरायच्या आत त्याने ती काढून खिशात घातली आणि खेळण्यातल्या ट्रॅक्टरकडे गेला. रश्मीने बाकीच्या मुलांकडे पाहिलं. तिने वाट पाहिली. दुसऱ्या कोणी काढली नाही. पेटी झाली, क्लॅरनेट झालं, तिन्ही मिळून झालं, आणि सतरा मुलं सतरा तऱ्हांनी बसून होती: कोणी ढोलकाला हात लावून, कोणी पाठ करून, एकजण आडवा पडून.

खुशी सहा वर्षांची. मशीन बसवून दोन वर्षं झालेली. ती नत्थुजीच्या अगदी समोर, त्याच्या गुडघ्याला टेकून बसली होती. गाणं संपलं तशी ती त्याच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाली, "स्स्स."

नत्थुजी ओशाळला. कवळी नीट बसत नव्हती, त्यामुळे फुंकताना ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. त्याला वाटलं होतं, एवढं बारीक कोणाला ऐकू जाणार! "पोरीनं चोरी पकडली," तो म्हणाला.

रश्मी पेटी सोडून उठली. 'स' हा आवाज या मुलांना सगळ्यांत उशिरा ऐकू येऊ लागतो. फार बारीक, फार वरचा असतो. खुशीसमोर ती दोन वर्षं रोज, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर कागद धरून, 'स' म्हणत आली होती, आणि खुशीने एकदाही हात वर केला नव्हता. तिने नत्थुजीला पुन्हा वाजवायला सांगितलं, फक्त दोन ओळी, आणि खुशीला उलट्या बाजूला तोंड करून बसवलं. क्लॅरनेट सुरू झालं. खुशी भिंतीकडे पाहत म्हणाली, "स्स्स." तिची आई मागून विचारत होती, काय झालं, काय झालं मॅडम. 

सोमवारी तिने खुशीची पुन्हा तपासणी केली. पाच वेळा 'स' म्हटलं, दोन वेळा खुशीने हात वर केला. फार मोठी गोष्ट नव्हती, पण आदल्या सोमवारी पाचातून एकदाही केला नव्हता. हेच 'स' नत्थुजीच्या ओठातून निसटलेलं तिला आधी का ऐकू आलं असावं, हे रश्मीने डॉक्टरांना विचारलं, पुण्याच्या एका ओळखीच्या बाईंनाही फोन करून विचारलं. दोघांनी दोन कारणं सांगितली.

त्याच आठवड्यात नत्थुजीचा फोन आला. भाच्याने दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावला होता, कवळी घट्ट करून घेणार होता. आता पुन्हा वाजवायचंच तर नीट वाजवावं, असं त्याचं म्हणणं.

"नका करू, काका," रश्मी म्हणाली. "एवढ्यात तरी नका."

 तिकडून बाजारातला कल्ला ऐकू येत होता.

"किती दिवस?"

"माहीत नाही. खुशी शिकेपर्यंत."

"बरं," नत्थुजी म्हणाला. "पन तोवर हुरडा खाता येनार नाई मले, येवढं ध्यानात ठेवा." आणि त्याने कोणाला तरी लिंबांचा भाव सांगितला.